याइले मिशा काऊन नाई?

संक्रांतीला बहिणीकडे निघालो होतो, जानेवारी २०२५ मध्ये. राळेगावहून तिच्या गावाला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत भाचीही चढली. आठवीत होती, शाळा नुकतीच सुटली होती. दिवस कापसाचे. जिनिंगकडे गाड्यांची रांग लागलेली, रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. कंडक्टर आला तसा तिनं मुलींना मिळतो तो एसटीचा मोफत पास काढला. प्लास्टिकच्या पाकिटात पुढून पास आणि मागून एक गुळगुळीत फोटो. कंडक्टरनं पुढची बाजू पाहिली, मी मागची.

नितळ चेहऱ्याचा एक तरुण. हनुवटी जरा खाली, डोळे वर, केस कपाळावर आलेले, एक गाल तळहातावर टेकवलेला. तो थेट माझ्याकडे बघत होता. पाकीट तिनं स्वतःकडे फिरवलं तसा तो तिच्याकडे बघायला लागला.

"हा कोण गं?"

"माया बायस."

बायस म्हणजे सातांपैकी आपला. कोरियातल्या बीटीएस नावाच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या सात मुलांच्या गटात प्रत्येक पोरीचा एक 'बायस' ठरलेला असतो, आणि तिच्या बायसवर दुसरीनं हक्क सांगितला तर डबा खायला दोघी वेगळ्या बाकांवर बसतात. हे सगळं मला पुढच्या पाच किलोमीटरमध्ये कळलं.

घरी पोचलो तर सातही जण भिंतीवर हजर. डाव्या हाताला कळंबच्या चिंतामणीचं कॅलेंडर, उजव्या हाताला हे. पोस्टरचे चारही खिळे भाऊजींनी स्वतः ठोकलेले. बहिणीच्या सासूबाई तिळगुळाची वाटी घेऊन आल्या, माझी नजर भिंतीवर पाहून म्हणाल्या, "चांगल्या घरचे दिसते पोट्टे. पन याइले मिशा काऊन नाई?"

सगळे हसले. मी रात्री बराच वेळ त्या प्रश्नापाशीच होतो. भाऊजी तसे कडक. वर्गातल्या मुलाचा पोरीला फोन आला असता तर घरात महाभारत झालं असतं, हिंदी सिनेमातल्या एखाद्या नटाचा उघड्या छातीचा फोटो भिंतीवर लागला नसता. आणि इथे सात तरणेबांड परपुरुष वयात येणाऱ्या लेकीच्या उशाशी चोवीस तास तिच्याकडे टक लावून उभे, तेही बापानं ठोकलेल्या खिळ्यांवर. हे कोणी, कसं जमवलं? ज्यानं जमवलं त्याच्या कारागिरीला आधी हात जोडावेत आणि मग काय बोलायचं ते बोलावं, असं मला वाटलं.

पासच्या पाकिटातल्या फोटोपासूनच सुरू करतो. त्याला फोटोकार्ड म्हणतात. साडेपाच बाय साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाएवढं, म्हणून तर पासच्या पाकिटात चपखल बसलं. गाण्यांच्या अल्बमसोबत असं कार्ड येतं, पण सातांपैकी कोणाचं निघणार हे पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. आपला निघाला नाही की पुन्हा अल्बम घ्या, नाहीतर अदलाबदल करा. बोराच्या बदल्यात चिंच, हा व्यवहार आपल्या शाळांना नवा नाही. भाचीचं कार्ड मात्र अस्सल नव्हतं. स्टेशनरीच्या दुकानात काढलेली कलर प्रिंट, वर लॅमिनेशन. पण जादू प्रिंटमध्येही शाबूत होती, कारण जादू कागदात नव्हतीच.

ती अंतरात होती. जुन्या नटनट्यांचे फोटो आठवा. स्टुडिओतले, दिवे लावलेले, नजर कुठेतरी क्षितिजाकडे. आपण बघणारे, ते दिसणारे. फोटोकार्ड मुद्दाम सेल्फीसारखं काढलेलं असतं, हातभर अंतरावरून. आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर कोण येतं? आई येते, भावंडं येतात, पुढे नवरा-बायको येतात. एवढ्या जवळ येऊन डोळ्यांत बघणारा परका माणूस आपण खपवून घेत नाही. कार्डावरच्या पोराचा एकही कपडा जागचा हललेला नाही, गळ्यापर्यंत स्वेटर आहे. हललंय ते फक्त अंतर. आणि अंतर काही बापाला दिसत नाही, कारण कार्ड बापाच्या हातात येतं तेव्हा तो ते लांब धरून, चष्मा वर करून बघतो.

राळेगाव तालुक्यापर्यंत हे आलं कसं, तेही सांगून टाकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन तासासाठी म्हणून बापाचा मोबाइल पोरींच्या हातात गेला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला बीटीएसचं 'डायनामाइट' आलं. पहिल्या चोवीस तासांत यूट्यूबवर ते दहा कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं. त्या दहा कोटींत आपल्याकडचे किती, कोण जाणे. पण भाचीच्या मैत्रिणींचा इतिहास तिथूनच सुरू होतो. "लॉकडाऊनपासून," असं त्या सांगतात, जसं आपल्या आज्या 'दुष्काळाच्या साली' म्हणायच्या.

आता सासूबाईंच्या मिशांकडे.

कोरियन भाषेत 'क्कोत्मीनाम' असा शब्द आहे. फुलासारखा देखणा पुरुष. नितळ कातडी, मऊ केस, दाढी-मिशांचा मागमूस नाही. गडबडून जाण्याचं कारण नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात पहिल्यांदा जी हुरहूर उठते तिला एक चेहरा हवा असतो, आणि त्या चेहऱ्याची भीती वाटायला नको असते. भाचीच्या रोजच्या एसटीत मिशावाले पुरुष भरपूर असतात. त्यांच्या कोपरांचा अनुभव पोरींना लवकर येतो आणि त्या दप्तर छातीशी धरायला शिकतात. त्यांना असा एक पुरुष हवा असतो जो बघेल पण हात लावणार नाही. पोस्टरमधला पुरुष हे वचन शंभर टक्के पाळतो.

धंद्याला हे फार आधी कळलं होतं. १९७७ मध्ये पोर्तो रिकोत 'मेनुदो' नावाचा पोरांचा गट निघाला. त्याचा नियम ऐका. पोरगा साधारण सोळाचा झाला, आवाज फुटला, मिसरूड आलं की गटातून बाहेर, त्याच्या जागी नवा कोवळा पोरगा. गट म्हातारा होणार नाही, गटाला मिशा फुटणार नाहीत. पुढे जगभर गाजलेला रिकी मार्टिन १९८४ मध्ये बाराव्या वर्षी यातच भरती झाला होता. आंब्याच्या पेटीतला पिकलेला आंबा काढून कैरी ठेवावी तसा हा हिशेब.

मिशा काढल्या तरी एक अडचण उरते. पोरगा चांगला आहे, सज्जन आहे, पण तो कोणाचा आहे? इथे या धंद्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट येते. विकायला ठेवलेली वस्तू म्हणजे मुलगा नव्हेच, त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची आहे.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये बीटल्सच्या जॉन लेननचं लग्न झालं, पण ते सुरुवातीला चाहत्यांपासून लपवलं गेलं. त्यांच्या व्यवस्थापकानं, ब्रायन एपस्टाइननं, चामडी जाकिटातल्या या दांडग्या पोरांना आधीच सूट-टाय घालून आईबापांना चालतील असे केले होते. आता बायको निघाली तर खुर्ची भरली असती. शेवटी बातमी फुटली. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा आले, सुमारे सात कोटी लोक बघत होते, एकेकाचा चेहरा मोठा करून खाली नाव येत होतं. जॉनच्या नावाखाली एक ओळ जास्त होती: मुलींनो, माफ करा, याचं लग्न झालंय. गंमत म्हणून टाकलेली ओळ. पण माफी कशाची? दुकानदार 'माल संपला' म्हणून जशी मागतो तशी ती माफी आहे, आणि त्या एका शब्दात सगळा व्यवहार कबूल झालेला आहे.

जपान-कोरियात गंमत उरली नाही, तिचा करार झाला. जपानमध्ये २००५ साली सुरू झालेल्या 'एकेबी४८' या मुलींच्या गटात प्रेमप्रकरणाला बंदी होती. जानेवारी २०१३ मध्ये गटातल्या मिनामी मिनेगिशी या वीस वर्षांच्या मुलीनं एका तरुणाच्या घरी रात्र काढल्याची बातमी छापून आली, आणि तिनं मुंडण करून कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली. आपल्याकडे केशवपन कोणाचं होत असे ते आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कोरियात 'एस्पा' गटातल्या करिनानं मार्च २०२४ मध्ये हातानं लिहिलेलं माफीपत्र चाहत्यांना उद्देशून टाकलं. गुन्हा एकच, तेविसाव्या वर्षी तिचं एका नटाशी जुळलं होतं.

हे सगळं दूरदेशीचं खूळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण मिशा नसलेला, घरंदाज बायकांनी डोक्यावर घेतलेला, बापलोकांनी स्वतः तिकीट काढून घरच्यांना दाखवलेला एक तारा मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वीच घडवला होता. नाटकांत बायकांच्या भूमिका करणारे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. लोकमान्यांनी 'बालगंधर्व' म्हटलं आणि तेच नाव झालं.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ मध्ये 'मानापमान'ची भामिनी झाले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली, १९१६ मध्ये 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'ची सिंधू. या काळात घरंदाज बायका रंगमंचावर जाऊ शकत नव्हत्या, तमाशाच्या फडाकडे तर बघूही शकत नव्हत्या. पण नारायणरावांना बघू शकत होत्या. शालू कसा नेसायचा, पदर कुठून घ्यायचा, वेणीत फूल कुठे खोचायचं हे पुण्या-मुंबईच्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या. त्यांची छायाचित्रं घराघरांत गेली.

आता प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या वकिलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर रुक्मिणी लाजते आहे, नजर वर करते, खाली करते. वकीलसाहेबांचा जीव वरखाली होतो आहे. शेजारी पत्नी आहे, मागे मुलं आहेत. आणि कोणी विचारलंच तर उत्तर तयार: अहो, तो तर नारायणराव! पत्नीलाही तेच उत्तर. एका पुरुषाकडे ती तीन-चार तास, रात्र चढेपर्यंत टक लावून बघते आहे, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही, कारण समोर तर बाई आहे. दोघांनाही आडोसा एकाच लुगड्याचा.

आडोसा हा शब्द इथे मला फार नेमका वाटतो. पडदा वेगळा. पडद्याआडचं काही दिसत नाही. आडोशाला उभं राहिलं की आपण दिसत नाही, आपल्याला मात्र सगळं दिसतं. सोज्वळपणा हा असा आडोसा आहे. विकणारा त्याच्या मागे उभा राहतो, घेणारा उभा राहतो, आणि पैसे देणारा बापही.

आडोसा सरकला की काय होतं तेही नारायणरावांच्याच आयुष्यात दिसलं. प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात, १९३५ मध्ये, ते संत एकनाथ झाले. पुरुषाच्या वेषात, पुरुष म्हणून. लोकांना ते रुचलं नाही. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या, उत्तम गाणाऱ्या, मुसलमान. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. ज्या मध्यमवर्गानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्याला हे पचलं नाही, आणि गोहरबाईंबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं ते वाचवत नाही. करिनाचं माफीपत्र वाचताना मला सोलपेक्षा पुणेच जास्त आठवत होतं. खुर्ची भरली होती, आणि भरणारी व्यक्ती लोकांनी मनात धरलेली नव्हती.

मग शृंगार नक्की असतो कुठे? गाण्यांच्या शब्दांत तो शोधायला गेलात तर हाताला फारसं लागत नाही. दादा कोंडक्यांच्या बाबतीत सेन्सॉरची जी पंचाईत व्हायची तिची ही उलटी बाजू आहे. दादांच्या सिनेमात शब्द धुतल्या तांदळासारखे, अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात, आणि थिएटरभर हशा. 'सोंगाड्या'पासून लागोपाठ नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा विक्रम त्यांनी त्यावर केला. पण दादांच्या सिनेमात सगळ्यांना ठाऊक असायचं की इथे चावटपणा चालला आहे. बापाला ठाऊक, पोराला ठाऊक, म्हणून बाप पोरीला घेऊन जायचा नाही. तो चावटपणा दारावर पाटी लावून बसलेला होता. इथे पाटी उलटी आहे. शब्दांत 'तू एकटी नाहीस', 'स्वतःवर प्रेम कर' असलं निर्मळ काहीतरी, आणि ते म्हणताना ओठांवरून फिरलेला अंगठा, कॅमेऱ्याकडे टाकलेली अर्ध्या सेकंदाची नजर, घामानं कपाळाला चिकटलेले केस. संवाद वाचा, सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनात चालेल. आवाज बंद करून बघा, आणि मग भिंतीवरच्या खिळ्यांचा पुन्हा विचार करा.

अमेरिकेनं यात जरा ढोबळ हात चालवला. १९९८ मध्ये ब्रिटनी स्पीअर्स सोळा वर्षांची असताना तिचं पहिलं गाणं शाळेच्या गणवेशात चित्रित झालं. लग्नापर्यंत आपण संयम पाळणार, हे तिचं सांगणं तिच्या नावाला जोडून फिरवलं गेलं, आणि मोठमोठे पत्रकार त्या कोवळ्या मुलीला त्याबद्दल खोदून विचारत राहिले. दहा वर्षांनी डिस्ने वाहिनीच्या जोनास बंधूंच्या बोटांत 'पावित्र्याची अंगठी' होती. ज्या गोष्टीबद्दल मुलांच्या कार्यक्रमात बोलायचं नाही, ती गोष्ट आपण करत नाही असं सांगणारी अंगठी रोज टीव्हीवर दाखवायची! उपवास आहे, साबुदाणा खाल्ला का, असं दिवसातून दहा वेळा विचारलं की भूक लागणारच. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००७ मध्ये मुलींच्या अशा चित्रणावर अहवाल काढला. शरीर कसं दिसतं एवढ्यावरच आपली किंमत ठरते असं मुली मानू लागतात, त्याचा परिणाम अभ्यासापासून खाण्यापिण्यापर्यंत पोचतो, असा त्याचा सूर होता.

एक गोष्ट या गोंधळात निसटते. पोस्टरवरची पोरंही पोरंच असतात. बीटीएस जून २०१३ मध्ये लोकांसमोर आलं तेव्हा सर्वांत धाकटा जंगकुक पंधरा वर्षांचा होता. भाचीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. पोरींच्या कोवळ्या मनाची काळजी आपण करतो, पण ज्याच्या चेहऱ्यावर हा डोलारा उभा केला त्या पोराला कसं वागायचं, कोणाकडे कसं बघायचं हे शिकवणारी माणसं चांगली मिशीवाली असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीनं मला एक स्क्रीनशॉट दाखवला. नागपूरच्या चुलतबहिणीनं पाठवलेला, दुसऱ्याच एका गटातल्या मुलाचा. 'बबल' नावाचं अ‍ॅप आहे, २०२० मध्ये कोरियात सुरू झालेलं. महिन्याला पैसे भरायचे, म्हणजे आपल्या आवडत्या गायकाचे मेसेज येतात. व्हॉट्सअ‍ॅपसारखीच खिडकी, डावीकडे तो, उजवीकडे आपण. मेसेज छोटा होता. चुलतबहिणीचं नाव, आणि पुढे: जेवलीस का?

"पाह्य ना मामा, नाव घेऊन इचारलं त्यानं!"

मी अडाण्यासारखा चकित झालो. मग चकित होण्याची खरी गोष्ट कळली. मेसेज तो एकदाच लिहितो, आणि पैसे भरणाऱ्या सगळ्यांना, हजारोंना, लाखोंना, एकदम जातो. नावाच्या जागी तो फक्त एक खूण टाकतो आणि प्रत्येकीच्या फोनवर त्या खुणेच्या जागी तिचं स्वतःचं नाव उमटतं. उत्तर आपण लिहायचं. तिकडे ते पुरात पडलेल्या पानासारखं वाहून जातं. पण आपल्या खिडकीत मात्र फक्त दोघंच.

आणि प्रश्न तरी कोणता निवडला आहे! जेवण झालं का, हे कोरियात अगदी आपल्यासारखंच ख्यालीखुशाली विचारणं आहे. 'बाप' हा कोरियन शब्द भाताला, जेवणाला. भात खाल्ला का, एवढंच विचारायचं. त्यात 'तू' नाही, बाई-पुरुष नाही. कोरियन क्रियापदाला लिंगच नसतं. वाक्याचं रूप फक्त एवढं सांगतं की बोलणारा जवळचा आहे. एकाच मापाचं झबलं, कोणालाही बसणारं. ते मराठीत आणायचं तर 'जेवलास' की 'जेवलीस' हे ठरवावं लागतं. चुलतबहिणीनं अ‍ॅपमधून आलेलं इंग्रजी वाचलं, मनात त्याचं मराठी केलं, आणि 'जेवलीस' ही वेलांटी तिची तिनं लावली. लाखोंना उद्देशून आलेल्या वाक्यातला फक्त तिच्यासाठी असलेला भाग तिनंच लिहिला होता. मला वाटतं या सगळ्या धंद्याचं गुपित त्या एका वेलांटीत आहे. कंपनी अर्धंच वाक्य विकते.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीला नाव दिलं होतं. टीव्हीवरचा माणूस मला ओळखत नाही, पण मला मात्र तो ओळखीचा वाटतो, असं हे नातं. त्यांच्या लेखात रेडिओवरच्या 'लोनसम गॅल'चा दाखला आहे. एक बाई मंद, घोगऱ्या आवाजात बोलायची, ऐकणारा एकटाच आहे आणि तो तिचा प्रियकर आहे, अशा थाटात. देशभरच्या एकट्या पुरुषांना ती 'आपली' वाटायची. ती लोकांत यायची तेव्हा चेहऱ्यावर मुखवटा असायचा. चेहरा दिसला असता तर ती कोणा एकीसारखी दिसली असती आणि बाकीच्यांची राहिली नसती. तिनं चेहरा लपवला, कोरियातला पोरगा चेहरा दाखवतो आणि आयुष्य लपवतो. युक्ती तीच, फक्त तेव्हा पुरुषांच्या एकटेपणाला लावलेली आता पोरींना लावली आहे.

संक्रांतीच्या अडीच आठवडे आधीची एक बातमी तेव्हा पानठेल्यावर चघळली जात होती. २७ डिसेंबर २०२४ ला धाराशिव पोलिसांना फोन आला की उमरगा तालुक्यातल्या तीन मुलींना शाळेच्या गाडीतून जबरदस्तीनं पळवून नेलंय. पोलिसांनी नंबर शोधला तर तो उमरग्याहून पुण्याला निघालेल्या एसटीतल्या एका बाईचा निघाला. एसटी तोवर सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या आसपास होती. मोहोळच्या पोलिसांनी आणि तिथल्या स्टँडवर दुकान चालवणाऱ्या एका बाईनं तिन्ही पोरींना उतरवून घेतलं. एक अकरा वर्षांची, दोघी तेरा. अपहरणाचा बनाव त्यांचा त्यांनीच रचला होता. पुण्याला जायचं, काम करायचं, पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तमिळनाडूत करूरच्या तेरा वर्षांच्या तीन मुली चौदा हजार रुपये घेऊन अशाच निघाल्या होत्या, विशाखापट्टणमहून जहाजानं जायचं म्हणून. त्या वेल्लूरजवळ काटपाडीला सापडल्या.

पानठेल्यावर लोक हसत होते. "पोट्ट्याइले येड लागलं." मला त्या बेतातला व्यवहारीपणा दिसत होता. अकरा वर्षांच्या पोरीनं तिकिटाला पैसे लागतात, पैशाला काम लागतं आणि काम पुण्यात मिळतं, इथपर्यंतचा हिशेब बरोबर मांडला होता. तिच्या बाजूनं बघा. वर्षानुवर्षं रोज कोणीतरी हातभर अंतरावरून डोळ्यांत बघून सांगतोय की तुझी आठवण येते, लवकर भेटू. आपण मोठी माणसं त्याला जाहिरात म्हणतो. अकरा वर्षांची पोरगी त्याला बोलावणं म्हणते, आणि घरून बोलावणं आलेल्या माणसासारखी उठून एसटीत बसते. शब्दाला खरं मानून निघालेली एकटी तीच होती. २०२५ मध्ये बीटीएसच्या मालक कंपनीनं, हाइबनं, मुंबईत आपली शाखा काढली. आता निदान पुण्याहून पुढचा प्रवास लांबचा राहिला नाही.

भाचीवर मी चिडलो नाही, चिडण्यासारखं काही नव्हतंच. तिला जे वाटतं ते खरं आहे आणि त्या वयाला साजेसं आहे. आमच्या वेळी तेच एखाद्या क्रिकेटपटूवर नाहीतर शेजारच्या गच्चीवरच्या दादावर वाटायचं, आणि त्याचं बिल कोणी पाठवत नसे. भाऊजींना मी खिळे काढायला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की पोरीजवळ बसा आणि सातांची नावं तिच्याकडून शिकून घ्या. त्यांनी 'हो' म्हटलं आणि बैलाला चारा घालायला गेले.

मीच बसलो तिच्याजवळ. उमरग्याच्या पोरींची बातमी तिनं वाचली होती.

"पागल हायेत त्या," ती म्हणाली. मला बरं वाटलं. मग ती पुढे म्हणाली, "आत्ता जाऊन काय फायदा? पाच जन तं सर्व्हिसमंदी हायेत."

कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असते. सातांपैकी जिन १२ जून २०२४ ला आणि जे-होप १७ ऑक्टोबरला सुटून आले होते. बाकी पाच अजून आत होते. इतिहासाच्या पेपरात शिवराज्याभिषेकाचं साल चुकवून आलेली ही पोरगी न अडखळता पुढचं सांगत गेली: आरएम आणि व्ही १० जून २०२५, जिमिन आणि जंगकुक ११ जून, सुगा २१ जून. पाच महिन्यांनी ते त्याच तारखांना बाहेर आले.